माईकवर न पुकारलेलं नाव

रूपालीचा फोन आला तेव्हा मी दाराला कुलूप लावत होते. गुरुवार होता, पावणेतीन झाले होते आणि मी शैलाच्या पार्लरवर निघाले होते. शैला आठ दिवसांसाठी लेकीकडे पुण्याला गेली होती, बुधवारी परत येते म्हणाली होती. त्यामुळे फोनवर रूपालीचं नाव बघून मला वाटलं, हिनं आईला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं असणार. उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "अगं पाठव की तिला, माझ्या हनुवटीवर जंगल माजलंय." मग ती म्हणाली, "काकू, आई गेली." मेंदूत रक्तस्राव झाला होता. आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं, सकाळी संपलं... मी लावलेलं कुलूप परत उघडलं आणि आत येऊन खुर्चीवर बसले. चपला पायातच होत्या. ती गेल्याचं कळण्याआधी मी तिच्याबद्दल शेवटचं बोलले ते हनुवटीच्या केसांवरून, याची मला अजून लाज वाटते.

सहा आठवडे झाले त्याला. घरात मी एकटी. मुलगा बंगळूरला आणि हे जाऊन तीन वर्षं झाली. शैलाला ओळखणारे पुष्कळ. नगरातल्या (शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझी जीभ काही वळत नाही) कितीतरी मुली तिच्या हातून नटून बोहल्यावर उभ्या राहिल्या. पण मैत्रीण म्हणावी अशी तिला मीच होते आणि मला ती. तेव्हा तिच्यावर लिहायचं तर मीच लिहायला हवं. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती मी लिहिली नाही तर कुणालाच कळणार नाही आणि शोकसभेत मी जे वाचून दाखवलं तेच खरं धरलं जाईल.

शैला मूळची नेवाशाकडची, प्रवरेच्या काठावरच्या एका लहानशा गावातली. बारावी झाली, लग्न झालं आणि ती केडगावात आली. नवरा, विठ्ठल, एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होता. कामावरून सायकलीवर येताना तो ट्रकखाली गेला तेव्हा शैला चौतीस वर्षांची होती आणि रूपाली नववीत. दीर न्यायला आला होता, गावाकडं चल, दोन घास मिळतील म्हणाला. ही गेली नाही. रोज शहरात जाऊन तिनं तीन महिन्यांचा कोर्स केला, भाड्याच्या घराची पुढची खोली मोकळी केली, एक मोठा आरसा आणि फिरती खुर्ची आणली आणि दारावर पडदा सोडला. सासूनं वर्षभर तिचं तोंड बघितलं नाही. 'नवरा गेला आन् हिला नटायचं दुकान सुचलं', हे गल्लीभर सांगून झालं होतं. शैला मला म्हणायची, "ताई, मी नटत न्हाई, नटवते. पण एवढा फरक त्यांना कुनी समजून सांगायचा?"

मी तिच्या पहिल्या पाच-सहा गिऱ्हाइकांतली. तेव्हा मी एसटीच्या विभागीय कार्यालयात आवक-जावक बघायचे. चाळिशी उलटली आणि हनुवटीवर केस यायला लागले. रोज माणसांसमोर बसायचं, कुणी नुसतं खाली बघितलं तरी मला वाटायचं, केसच बघतोय. त्या काळी आमच्या भागात पार्लरला जाणं म्हणजे जवळजवळ चोरीच. बायका हातात बाजाराची पिशवी घेऊन जायच्या, कुणी विचारलं तर भाजीला निघाले म्हणायला बरं. मीही पिशवी घेऊन, तोंडाशी पदर धरून गेले. शैलानं पदर बाजूला केला, बघितलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? माझ्या मावशीला तर मिशा हुत्या." मला हसू फुटलं. तिथून आमचे गुरुवार सुरू झाले. गुरुवारी बायका केसांना कात्री लावू देत नाहीत, त्यामुळे खुर्ची मोकळी असायची. नोकरी होती तोवर संध्याकाळी आणि निवृत्त झाल्यावर दुपारी तीनला, अशी बावीस वर्षं मी त्या खुर्चीत बसले. ती दोऱ्याचं एक टोक दातात धरायची, म्हणजे तिला बोलता यायचं नाही. बोलायचे ते मीच. सासू, साहेब, सूनबाई, ह्यांचं बीपी... सगळं तिनं ऐकलंय. तिच्या मनातलं विचारायला मला कितीदा सुचलं, ते आता आठवायला गेलं तर फार थोडं आठवतं.

सुरुवातीची एक हकीकत तिनं मला बऱ्याच उशिरा सांगितली. नवरीचं पहिलंच मोठं काम मिळालं होतं, पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावात. पहाटेपासून बसून तिनं मुलीला सजवलं, मुंडावळ्या बांधल्या, कुंकवाची कोर रेखली. मुलीची मावशी कौतुकानं बघत उभी होती. सहज म्हणून तिनं विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" शैलानं खरं ते सांगितलं. मावशी ओला रुमाल घेऊन आली आणि मुलीच्या कपाळावरची कोर पुसून तिनं स्वतःच्या बोटानं नवी लावली. ती वाकडी आली. "ताई, वाकडी आली त्याचंच मला लई वाईट वाटलं," शैला म्हणाली, "पोरगी फोटोत जन्मभर तशीच ऱ्हाणार." त्या दिवसापासून तिनं आपला एक नियम केला. नवरीचं सगळं करायचं, पण कपाळ कोरं ठेवायचं. मग टिकल्यांचं पाकीट आणि कुंकवाचा करंडा घरच्या बाईपुढे धरून म्हणायचं, "हे तुमी लावा, तुमचा मान हाय." लोकांना वाटायचं काय रीतभात आहे या बाईला. कुणी काही म्हणण्याआधी ती स्वतःच बाजूला व्हायची, एवढंच होतं ते.

आमच्या महिला मंडळाची सौभाग्यसुंदरी स्पर्धा सुरू झाली त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. दर श्रावणातल्या एका रविवारी, पुणे रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात, तीस ते साठ वयाच्या बायकांसाठी. नऊवारी नेसून स्टेजवर चालायचं, मग उखाणा, मग परीक्षकांचा एक प्रश्न आणि शेवटी मुकुट. अध्यक्ष माई आणि सचिव मी. आवक-जावकची सवय जाईना म्हणून फॉर्मसुद्धा मी तारीख-वेळ टाकून रजिस्टरात घ्यायचे, बायका हसायच्या. एक नियम आम्ही पहिल्यापासून केला होता. कुणी शहरातल्या महागड्या पार्लरमधून तयार होऊन आली तर तिला फायदा मिळतो, म्हणून सगळ्यांचा मेकअप एकाच हातचा असला पाहिजे. तो हात शैलाचा. सकाळी सात वाजता ती कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत ठाण मांडायची. मदतीला दोन मुली असायच्या, पण प्रत्येक चेहऱ्यावर शेवटचा हात तिचाच.

माझी सून फोनवर म्हणायची, "आई, बायकांना दुकानातल्या मालासारखं मांडायचं आणि नंबर द्यायचे, हे शोभतं का तुम्हाला?" तिचं अगदीच खोटं नव्हतं. एका वर्षीच्या परीक्षकबाई तर बायकांच्या कंबरा डोळ्यांनी मोजत होत्या. मी ते शैलाला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, ह्या बाईचं नाव काय ते रेशनकार्डाला ठाऊक. बाकी साऱ्यांना ती पिंट्याची आई. वरसातून एक दिवस माईकवर तिचं नाव पुकारत्यात, आडनावासकट. त्यासाठी येतीया ती. मुकुट गेला खड्ड्यात." मी पुढच्या वर्षी लक्ष देऊन बघितलं, आणि होतं तसंच. नाव पुकारलं की पदर सावरत निघालेल्या बाईचे खांदे आपोआप वर यायचे. अंगणवाडी सेविका, एसटीच्या वाहक, नर्सबाई, कांद्याच्या चाळीवर कामाला जाणाऱ्या दोघी जावा, सगळ्यांचे. पहिल्या वर्षी घरच्यांना न सांगता आलेल्या होत्या. दहाव्या वर्षी सासवा पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारायला लागल्या. हा बदल आम्ही घडवला असं म्हणायचा मला मोह होतो, पण तो होतच होता, आम्ही फक्त मांडव घातला.

तालीम आमच्या गच्चीवर व्हायची. एकदा कुणाला काही केल्या चालायला जमेना, सगळ्याच जणी खाली बघून भराभर चालायच्या, जणू बस सुटतेय. शैला म्हणाली, "खाली काय पडलंय का तुमचं? सरका." आणि तिनं साध्या सुती साडीचा पदर खोचला आणि पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत चालून दाखवलं. सावकाश, मान वर, हात सैल. जिन्यापाशी वळली, थांबली, आमच्याकडे बघून किंचित हसली आणि परत आली. मग अंगणवाडीवाली म्हणाली, "शैलाताई, तुम्ही उभ्या राहिलात तर आम्ही कशाला यायचं?" शैला लाजून टाकीआड जाऊन पाणी प्यायली. मी तिचा चेहरा बघितला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

आता त्या फॉर्मचं सांगते. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते. एका गुरुवारी दोरा गुंडाळून ठेवल्यावर शैलानं ड्रॉवरमधून आमच्याच मंडळाचा फॉर्म काढून माझ्या हातात दिला. भरलेला. वय बावन्न. पतीचे नाव या रकान्यात तिनं स्वच्छ अक्षरात 'कै. विठ्ठल' लिहिलं होतं. ती म्हणाली, "उखाना पण केलाय. म्हणू का?" आणि आरशाकडे बघत तिनं म्हणून दाखवला:

नेवाशाची लेक मी, केडगावात मांडला डाव,
फोटोतून बघतायत, घेते विठ्ठलरावांचं नाव.

"कसा हाय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "छान आहे ग." खरंच छान होता. "नियमात कुठं लिवलेलं न्हाई ताई, नवरा जिता पायजे म्हनून. मी वाचलं समदं." तेही खरं होतं. नियम मीच लिहिले होते आणि ते लिहायची आम्हाला गरजच वाटली नव्हती. स्पर्धेचं नावच तसं होतं.

त्यात एक अडचण होती आणि ती मी तिला सांगितली नाही. स्टेजच्या पायऱ्यांशी आम्ही प्रत्येकीला हळदीकुंकू लावून ओटी भरायचो, मग ती वर चढायची. ती ओटी भरायला मीच उभी असायचे. शैला समोर आली तर मी काय करणार होते? माई काय म्हणतील, बायका काय म्हणतील, हे सगळं मनात आलं, पण खरं कारण ते नव्हतं. ह्यांची दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती. तिच्या ओटीत नारळ घालताना आपल्या घरात काही वाईट होईल, अशी मला भीती वाटली. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेशाळेत जाऊन मुलींपुढे भाषण करणाऱ्या मला. बावीस वर्षांपैकी सोळा वर्षं जी बाई माझ्या तोंडाला हात लावत होती, तिच्या कपाळाला हात लावायला मी घाबरले. आम्ही एकवीस नावं घ्यायचो. रजिस्टरात त्या दिवशी वीस होती. मी घरी आले आणि शैलाचा फॉर्म रजिस्टरात घेतला नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कुणा एकीचा आला, तो एकविसावा म्हणून घेतला.

पुढच्या गुरुवारी मी तिला म्हणाले, "माईंची यादी आधीच पक्की झाली होती ग, एकवीसच्या वर घेता येत नाही. पण कुणी आलं नाही ना, तर तुझंच नाव घालते बघ." ती म्हणाली, "चालंल की."

स्पर्धेच्या दिवशी ती नेहमीप्रमाणे सातला हजर. गळ्यापासून घोट्यापर्यंत मोठा मरून रंगाचा ॲप्रन घातलेला. दिवसभर मी हॉल, हार, परीक्षक, माईक यांत धावत होते. दोघी जणी आल्या नाहीत. एकीची सासू पाय घसरून पडली होती आणि दुसरीच्या नवऱ्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. त्यांची नावं मी यादीतून काट मारून खोडली. चारच्या सुमाराला, पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी, शैला पडद्यापाशी आली. हातात पावडरचा पफ होता. "ताई," ती म्हणाली, "समद्या आल्या का?" मी ओटीचं ताट सारखं करत होते. वर न बघता म्हणाले, "आल्या ग. यंदा एकही गळाली नाही." ती म्हणाली, "बरं झालं. चांगली गोष्ट हाय," आणि आत गेली.

पुढच्या गुरुवारी मी गेले. तिनं खुर्ची पुसली, दोरा दातात धरला आणि नेहमीसारखं काम सुरू केलं. मला वाटलं, विसरली. मला तेच हवं होतं. त्यानंतरही दर श्रावणात तिनं बायका नटवल्या, फॉर्म मात्र पुन्हा दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. आता माझ्या लबाडीचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. शैला आपली पिशवी घेऊन आली, दार लोटलं, माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हनुवटी वर करा." नणंद दारातून बघून गेली, तिला ते आवडलं नसणार. काम झाल्यावर शैलानं टिकल्यांचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. "लावायची का न्हाई ते तुमी ठरवा. कुनाला इचारू नका. मी लई जनांना इचारलं हुतं, तेच चुकलं माझं." तेरा दिवस मी कुणासमोरच रडले नव्हते. तिच्यासमोर रडले. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं... पण त्या दिवशी माझ्याजवळ फक्त तीच होती आणि तीही गेली तर, या भीतीनं मी गप्प बसले.

त्या श्रावणात माई म्हणाल्या, "मंदाताई, तुम्ही दमला असाल, यंदा ओटीला दुसरं कुणी उभं राहील. तुम्ही मागं टेबलावर बसा." फार गोड आवाजात म्हणाल्या. मी मागे टेबलावर बसले आणि तिथून मला सगळं स्वच्छ दिसलं. मग मात्र मी भांडले. दोन वर्षं बैठकांमध्ये भांडत होते. गावोगावच्या ग्रामसभा विधवांच्या बाजूनं ठराव करताहेत आणि आपण शहराच्या वेशीवर बसून हे काय करतोय, असं मोठमोठ्यानं बोलले. गेल्या वर्षी स्पर्धेचं नाव बदलून श्रावणसखी झालं, ओटी बंद झाली, नवऱ्याच्या नावाचा रकाना गेला. बायकांनी माझं कौतुक केलं. मी धावत शैलाकडे गेले, "आता तू उभी राहा." ती हसली. "आता गुडघे दुखत्यात ताई. पायऱ्या कोन चढणार? ऱ्हाऊ द्या." मी फार आग्रह केला नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. तिला आता नकोच आहे म्हटल्यावर माझं जुनं खोटं जणू मिटून गेलं.

शोकसभा मंडळाच्या खोलीत झाली. चाळीस-पन्नास बायका आल्या होत्या, कितीतरी जणींच्या भुवया तिच्या हातच्या. माईंनी मलाच चार ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिल्या आणि उभं राहून वाचल्या. त्यात एक वाक्य होतं: 'इतरांना सजवण्यातच तिनं आनंद मानला, तिला स्वतःला मंचाची हौस कधीच नव्हती.' बायकांनी डोळे पुसले. तिथेच ठरलं की यंदापासून मुकुटाला शैलाचं नाव द्यायचं आणि कार्यक्रमपत्रिकेवर हे वाक्य छापायचं.

गेल्या रविवारी रूपाली खोली रिकामी करायला आली. मी मदतीला गेले. आरसा आधीच उतरवला होता, भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता. आम्ही दोघी जमिनीवर बसून बाटल्या खोक्यात भरत होतो. रूपाली म्हणाली, "काकू, तुम्ही छान लिहिलंत, माईंनी पाठवलं मला." ती 'छान' म्हणाली आणि माझ्याच्यानं राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म, साड्यांखालचा कागद, यादी पक्की झाल्याची थाप. ती ऐकत होती, हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट करत होती. मग म्हणाली, "फॉर्म तुम्ही ठेवून घेतलात, ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसाचं माहीत आहे. आईनं दुपारी मला फोन केला होता. म्हणाली, 'रूपे, दोघी आल्या न्हाईत. ताई माझं नाव पुकारतील आता.' नवी नऊवारी घेतली होती तिनं, सकाळीच नेसून गेली होती. वरून ॲप्रन घातला होता, कुणाला दिसू नये म्हणून."

सगळ्यांचे चेहरे तिच्याच हातून जायचे. एकवीस नावं होती आणि तिच्यासमोर एकोणीस जणी येऊन बसल्या होत्या. किती आल्या हे त्या अख्ख्या कार्यालयात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते तिला. आणि मी तिलाच सांगितलं, सगळ्या आल्या. तिला आकडा माहीत होता आणि तरी ती मला विचारायला पडद्यापाशी आली होती. सहा वर्षं माझ्या हे ध्यानात आलं नाही.

"रात्री मीच तिला फोन केला," रूपाली म्हणाली. "विचारलं, काय झालं ग? तर म्हणाली, 'ताईंच्या ध्यानातनं गेलं असंल. त्यांच्या घरात दुखनं हाय.'" मग रूपालीनं खोक्याला चिकटपट्टी लावली. माझ्यावर ती चिडली नाही, रडलीही नाही. जाताना वाकून पाया पडली, ते मला फार जड गेलं. पुण्याची गाडी पकडायची होती तिला.

काल मी माईंना फोन करून सांगितलं, ते वाक्य छापू नका. त्या म्हणाल्या, "का हो? सगळ्यांना आवडलंय. मग काय छापायचं?" मी म्हणाले, लिहून देते. दिवसभर कागद घेऊन बसले होते. घरात कुणी नाही, विचारायचं तरी कुणाला. शेवटी एवढंच जमलं, माईंनी ते छापलं नाही तरी इथे छापून यावं म्हणून लिहिते: शैलाला त्या स्टेजवर चालायचं होतं. ती नेसून, तयार होऊन थांबली होती. दोन जागा रिकाम्या होत्या, यादी माझ्या हातात होती, आणि मी तिचं नाव पुकारलं नाही.